गाव कोयनेत बुडालेलं, आडनाव बदललेलं, पणजोबांचे वडील काही सापडेनात. कुठे शोधू?

जावळीवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमचं मूळ गाव जावळी तालुक्यातलं, कोयनेकाठचं, आता शिवसागराच्या पाण्याखाली. (गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, भावकी सगळी इथे असते.) धरणाच्या वेळी घरच्यांना रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली, पण आजोबा आधीपासूनच लालबागला गिरणीत, त्यामुळे आम्ही धड तिकडचे नाही नि धड इकडचेही नाही.

आम्ही आडनाव लावतो मोरे. वडिलांचे कागद आवरताना आजोबांचा शाळेचा दाखला निघाला, 1 जून 1931 जन्म (तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनलाच), बापाचं नाव धोंडीबा आणि आडनाव चक्क शेलार. घरात कुणालाच माहीत नाही हे शेलार कुठून आले. पणजोबा धोंडीबा एवढं पक्कं, पणजी अनुसया. पणजोबांचे वडील थोरली आत्या म्हणते राघू, चुलते म्हणतात रामजी, आणि दोघंही शपथेवर सांगतात. पणजोबांचा एक भाऊ होता गणू, तो "बसऱ्याच्या लढाईला गेला तो आलाच नाही" एवढीच गोष्ट. देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेल्या वीराचा टाक आहे तो त्याचाच म्हणतात.

नवीन गावचा सातबारा पुनर्वसनापासून सुरू होतो, त्याच्या मागे काहीच नाही. ऑनलाईन जुने फेरफार (जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी) बघायला गेलो तर यादीत आमच्या गावाचं नावच दिसेना. व्हॉट्सअपवर एक जण अकरा हजारात 15 पिढ्यांची वंशावळ करून देतो म्हणतोय, बायको म्हणते दे पैसे आणि सुट एकदाचा. काय करू?

अजून एक, उपयोगी आहे की नाही माहीत नाही. पितृपक्षात आई दोन पानं जास्तीची ठेवते, एक नवमीला आणि एक चतुर्दशीला. कुणाची, तिला माहीत नाही. सासू ठेवायची म्हणून ती ठेवते.


दप्तरखाना

अकरा हजार वाचवा. 15 पिढ्या कुठून आणणार तो, शेवटच्या तीन तुम्हीच सांगणार आणि वरच्या बारा तो कुठल्यातरी छापील वंशावळीतून चिकटवणार.

मी महसूलमधून रिटायर झालोय, अभिलेख कक्षात बरीच वर्षं काढली त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, गाव बुडालं म्हणून दप्तर बुडत नाही. तुमच्या गावचे जुने फेरफार, कोतवाल बुक, जमीन पत्रकं ही मेढ्याला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असायला हवीत, काही जिल्ह्याला साताऱ्याला गेलेली असू शकतात. गाव सध्याच्या यादीत नाही म्हणजे कागद नाही असं समजून लोक परत येतात. लेखी अर्ज करा, जुन्या गावाचं नाव, पेठा (तालुक्याचा जुना पोटभाग) किंवा जवळचं मोठं गाव आणि साधारण वर्षं टाका, नकलेची फी भरा. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा आणि पुनर्वसनाचं संकलन रजिस्टर. लोकांना वाटतं धरणाने सगळं नेलं, पण मोबदला द्यायचा म्हणून सरकारने प्रत्येक खातेदार, त्याचे हिस्सेदार, कोणाचा किती आणा वाटा, हे सगळं त्या वेळी नीट लिहून काढलेलं असतं. जमिनी गेल्या नाहीत त्या गावांत असा एकगठ्ठा कागद मिळत नाही. जिल्हा पुनर्वसन कार्यालयात विचारा.

निवाड्यातून जुना सर्व्हे नंबर मिळाला की त्याचे फेरफार मागे मागे वाचत जायचं. इथे नावांपेक्षा जमीन कशी आली ते बघा. वारसाने, खरेदीने, बक्षिसाने की वाटपाने, ते एका शब्दात लिहिलेलं असतं आणि तुमच्या शेलार-मोरेचं उत्तर मला वाटतं त्या शब्दातच असणार. नावापुढे "ए.कु.मॅ." दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याच्या मागे भाऊ लपलेत, खातं एकाच्या नावाने चाललंय. "अ.पा.क." दिसलं तर वारस तेव्हा अज्ञान होता, म्हणजे बाप मुलं लहान असताना गेला, आणि पालक म्हणून बहुतेक आईचं नाव असतं. बाईचं नाव जुन्या कागदात मिळण्याची ही एक हमखास जागा.

फेरफार किती मागे जातील तर हक्कनोंदीचा कायदा आला 1903 ला, 1913 ला तो जमीन महसूल कायद्यात घातला, त्यामुळे त्याच्या आधीचा फेरफार सापडण्याची आशा धरू नका. त्याच्या मागे जायचं तर सर्व्हे सेटलमेंटची, म्हणजे इंग्रजांनी जमीन मोजून सारा ठरवला तेव्हाची पत्रकं.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. यात नवखा माणूस हमखास फसतो, कारण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतंच. बारसं व्हायच्या आधी नोंद व्हायची, त्यामुळे बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच. तुम्ही "धोंडीबा" शोधत बसाल आणि तो "राघू शेलार, मुलगा" म्हणून तिथेच असेल. मृत्यूच्या नोंदीत मात्र नाव, अंदाजे वय आणि कारण मिळतं. ताप, पटकी, देवी, असली कारणं. 1918 चं पान उघडलंत तर सलग तापाच्या नोंदी दिसतील, इन्फ्लुएंझाचं वर्ष ते.

हे बहुतेक मोडीत असणार. पण 2023 पासून शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना तालुक्या-तालुक्यातले असले गठ्ठे बाहेर काढले गेले, वाचणारे लोक नेमले गेले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाईटवर चढल्या. तुम्हाला कुणबी दाखला काढायचा असो नसो, त्या याद्यांत आपलं गाव बघून घ्या.


जय_जावळी_96

भाऊ मोरे म्हणजे जावळीचे चंद्रराव मोरे, अजून काय शोधताय!! कुलदैवत कोणतं, देवक कोणतं ते सांगा, दोन मिनिटांत कूळ सांगतो. तुम्ही राजघराण्यातले आहात आणि शेलार शेलार काय करताय 🚩


दप्तरखाना

दादा, 1656 ला महाराजांनी जावळी घेतली. तिथून 1931 पर्यंतचे मधले पावणेतीनशे वर्षांचे बाप कोण देणार, तुम्ही? अर्ध्या सातारा जिल्ह्याचं दैवत जोतिबा नाहीतर पालीचा खंडोबा, त्यावरून घर नाही सापडत. देवक सोयरीक जुळवायला बघतात, सोयरीक होते की नाही एवढंच त्यातून कळतं. आणि चंद्ररावाच्या जहागिरीतली सगळी रयत पण जावळीचीच होती की.


माहेरवाशीण

मला हसू येतंय, सगळे बाप्ये बापांना शोधतायत आणि उत्तर त्या दोन पानांत आहे!

जावळीवाला दादा, आईंना सांगा त्या उगाच नाही ठेवत. पितृपक्षातली नवमी म्हणजे अविधवा नवमी, जी बाई नवरा जिवंत असताना गेली तिचं पान त्या दिवशी. आणि चतुर्दशी ही शस्त्राने, अपघाताने, घातपाताने गेलेल्यांची. चतुर्दशीचं पान तुमच्या गणूचंच असणार, म्हणजे लढाईची गोष्ट नुसती थाप नाही, कुणीतरी तो मेला हे मान्य करून पान ठेवायला सुरुवात केली. बेपत्ता माणसाचं पान घरातली बाई इतक्या सहज ठेवत नाही, कुणीतरी पत्र वाचून दाखवलं असेल, पैसे आले असतील, काहीतरी खबर नक्की आली.

आता नवमीचं. पणजी अनुसया पणजोबांच्या आधी गेली की नंतर? नंतर गेली असेल तर नवमीचं पान तिचं नाही, मग त्या घरात आणखी एक बाई होती जी सवाष्ण गेली. पणजोबांची पहिली बायको. काही घरांत नवरा गेला की नवमी बंद करतात, तुमच्याकडे चालू राहिली हे नशीब समजा.

आणि आडनावाचं सरळ आहे. मोऱ्यांच्या घरात मुलगा नसणार, शेलारांचा मुलगा घरजावई आणला असणार. मास्तरने मुलाच्या बापाचं खरं आडनाव लिहिलं, गावाने मात्र ज्या घरात राहतो त्या घरचं लावलं. माझ्या माहेरी अगदी असंच झालंय आणि माझे काका आजही ते मान्य करत नाहीत, विषय काढला की उठून जातात. घरजावई म्हणजे काहीतरी कमीपणा, म्हणून गोष्टीतून पहिल्यांदा तोच गळतो. थोरल्या आत्यांकडे एकट्याच बसा, चुलते नसताना. "राघू कोण" असं नका विचारू, "पणजोबांच्या घरी पहिल्यांदा कोण कोण होतं, कुणाला साडी-चोळी करायचे, दिवाळीला भाऊबीजेला कोण यायचं" असं विचारा. नाव आठवत नाही पण कुणाचं काय देणंघेणं होतं ते म्हाताऱ्या बायकांना पैशापैशाने आठवतं.


माजीसैनिक_कोरेगाव

राम राम. गणूचं मी सांगतो, आपल्या लायनीतलं हाय.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाईट हाय, फुकट हाय, पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी शिपायांची नावं बी त्यात हायती. बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या जवानांची नावं त्या वेळी कोरलीच नव्हती, नुसता पलटणीपुढं आकडा टाकला, पण कमिशनकडं यादीत नावं हायती. आणि लई जणांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं लिवलंय. म्हंजे बघा, पणजोबाचा बाप सापडत नाय तर पणजोबाच्या भावाचा बाप शोधायचा, माणूस तोच की!

फकस्त नावावरनं शोधू नका, गणू नावाचे ढीगभर निघतील. जादा माहितीचा रकाना असतो त्यात जावळी टाकून बघा, पण इंग्रजांनी जावळीचं स्पेलिंग जे-ए-ओ-एल-आय केलंय, कधी डब्ल्यू घालून, कधी व्ही घालून, सगळं करून बघायचं. सातारा मात्र बहुतेक नीट असतं. गणूचं पण जी-ए-एन-यू, जी-यू-एन-ओ-ओ, कायबी असतं. आडनाव नसंल तर घाबरू नका, शेलार बी बघा, मोरे बी बघा.

पलटण कुठली असंल त्याचा अंदाज, 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनमधनं मेसोपोटेमियात, म्हंजे आताच्या इराकात गेलेल्या आणि तिथल्या कुत गावाला वेढ्यात सापडलेल्या, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, खायला घोडी मारली तिथं. शरण गेल्यावर कैदेत बी लई मेले. पण बसरा म्हणजे कुतच असं नाय, घरात समद्या इराकला बसराच म्हणायचे.

आणखी एक, कितीक गावांत चावडीच्या नायतर शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी हाय, या गावातून इतके गेले आणि इतके पडले. तुमचं गाव उठलं तेव्हा पाटी कुणी काढून आणली का ते जुन्या माणसांना विचारा. वीराच्या टाकाचं मात्र सांगतो, घोड्यावरचा वीर आमच्या घरात बी हाय आणि तो महायुद्धाच्या कितीतरी आधीचा हाय. पायदळातला गणू घोड्यावर कशाला बसतोय.


कृष्णाकाठ

थोडं अवांतर. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात हेळवी येतात, त्यांच्याकडे घराण्याच्या वह्या असतात, दारात बसून पिढ्या वाचून दाखवतात आणि नवीन जन्मलेल्यांची नावं घालून घेतात, धान्य-पैसे घेतात. जावळीकडे येतात असं ऐकलं नाही. पण नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यांकडे नामावळी असतात तिथे जरूर विचारा, गाव आणि आडनावावरून कोणता उपाध्ये ते ठरलेलं असतं. फक्त बुडालेल्या गावाचं नाव सांगा, रायगडचं सांगितलंत तर हात हलवत परत याल. अस्थी घेऊन कोणी गेला असेल तर सोबत भाऊ, मुलं, बायका सगळ्यांची नावं लिहिलेली मिळतात. ज्यांच्याकडे नाशिकपर्यंत जायचे पैसे नव्हते ते नदीवरच विधी करायचे, तेव्हा नाही सापडलं तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि लालबागला गावकीची खोली होती का? जावळी-पाटणच्या बऱ्याच गावांच्या मुंबईत खोल्या होत्या, मंडळाची वर्गणीची वही असायची. आजोबा पहिल्यांदा कुणाच्या नावावर तिथे राहिले ते त्यात असू शकतं, बहुतेक तो चुलता किंवा मामा निघतो.


जावळीवाला_डोंबिवली

मंडळी, तुमच्या सगळ्यांच्या पाया पडतो. माहेरवाशीण ताई, तुम्ही घरात येऊन बसला होतात का आमच्या?

निवाड्यात सर्व्हे नंबर मिळाले, अर्ज करून फेरफाराची नक्कल पण मिळाली. मोडीत आहे. तिथे एकाने घाईघाईत वाचून दाखवलं, मला दोनच शब्द धड कळले, "मुलगा नाही" आणि "घरजावई". साल 1926 आहे. बायकोचं नाव अनुसया नाही, सखू असं काहीतरी वाचलं त्याने. आत्याला एकटं गाठून विचारलं तर म्हणाली हो, सखूबाई म्हणून होती, तिला मूल झालं नाही का झालेलं जगलं नाही, ती गेल्यावर अनुसया केली, आणि अनुसया पणजोबांच्या मागे बरीच वर्षं होती. इतकी वर्षं का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणे कुणी विचारलं?

म्हणजे जमीन आणि आडनाव आलं सखूबाईकडून, आणि आम्ही सगळे अनुसयाबाईचे. मोऱ्यांचं रक्त आमच्यात थेंबभरही नाही. जय_जावळी दादा सॉरी, राजघराणं हुकलं 😄 आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं की मग नवमीला सखूबाईंच्या नावाने पुरणाचं करू का, इतकी वर्षं साधंच केलं.

युद्धाच्या वेबसाईटवर सातारा-जावळी लिहिलेले दोन जण निघाले गणू नावाचे, एकाचा बाप राघू, दुसऱ्याचा बाप वेगळाच आहे. राघूवाल्याचं गाव इंग्रजीत असं काही लिहिलंय की तोंडातून निघेना. नकाशात त्याच्या जवळपास जाणारी तीन गावं आहेत, त्यातलं एक आमच्यासारखंच पाण्याखाली.

फेरफाराचा फोटो खाली जोडतोय, कुणी वाचून देईल का?


दप्तरखाना

छान काम. आत्यांनी सांगितलं म्हणून सोडू नका हां, 1926 ते 1931 मधलं कोतवाल बुक मागा, सखूबाईंच्या मृत्यूची नोंद त्यात मिळाली पाहिजे. आणि दोन गणूंमधला आपला कोणता हे नुसत्या राघूवरून ठरवू नका, गाव जुळलं पाहिजे.


मोडी_वाचक

फोटो बघितला, अक्षर बरं आहे, घाईचं आहे पण सवयीचं. मला लागलं ते असं:

"मयत बाळा बिन येसू मोरे यास मुलगा नाही. मुलगी सखू कोम धोंडी बिन राघू शेलार मौजे ... इचे नावे वारसाने दाखल. सखूचा नवरा लग्नापासून घरजावई म्हणून घरी आहे, वहिवाट तोच करतो."

बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. तेव्हा धोंडी बिन राघू, आत्या जिंकल्या, चुलत्यांना कळवा. खाली पंचांच्या सह्या-निशाण्या आहेत, त्यात एक "संतू बिन राघू शेलार" नांगराची निशाणी करून आहे. म्हणजे धोंडीबाला गणूशिवाय अजून एक भाऊ दिसतोय आणि तो 1926 ला जिवंत होता, जमिनीच्या कामाला हजर होता. त्याचं कुटुंब शेलार म्हणूनच कुठेतरी असणार.

"मौजे"च्या पुढे गावाचं नाव आहे पण नेमकी तिथेच कागदाची घडी आलीये आणि तुमच्या मोबाईलची सावली पण. मला पहिलं अक्षर "व" किंवा "ब" वाटतंय, शेवटी "ली" किंवा "ळी". घडी सपाट करून, दिवसा खिडकीशी, वरून सरळ तेवढाच भाग काढून परत टाका. फ्लॅश नको.